बॅटरीचा खटका

टॉर्च घ्यायला दुकानात गेलात की दुकानदार पहिलं वाक्य काय टाकतो? ‘मॅडम, दोनशे मीटर जाते!’ मग लुमेन किती, चार्जिंग किती तास, वॉटरप्रूफ आहे का… आपणही मान डोलावतो. बटण कसं आहे, हे मात्र कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. खरं तर अंधारात टॉर्चचा आपला संबंध येतो तो फक्त बटणाशी. लुमेन दिसतात ते बटण दाबल्यानंतर!

तर मित्र-मैत्रिणींनो, या लेखाचा विषय आहे खिशातल्या टॉर्चच्या शेपटीला असलेलं रबरी बटण. विषय अगदी अंगठ्याएवढा आहे. पण त्यात मेकॅनिकल आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि थोडं मानसशास्त्रही आहे.

आधी नावाचा घोळ मिटवूया. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे ‘विजेरी’ हा शब्द मला फक्त शब्दकोड्यात भेटला. आमच्या जोहे गावातही कोणी विजेरी म्हणत नाही. तिथे टॉर्चला सरळ ‘बॅटरी’ म्हणतात आणि बॅटरीत जे टाकतात ते ‘सेल’. ई अँड टीसीच्या विद्यार्थिनीला हे ऐकून चक्कर यावी, पण गावात हेच चालतं आणि कोणाचं काही अडत नाही. स्विचला मात्र मराठीत फार छान शब्द आहे, ‘खटका’. आवाज आणि काम, दोन्ही एकाच शब्दात! मी तोच वापरणार आहे.

जोह्याला बॅटरी कशाला लागते?

जोहे म्हणजे पेण तालुक्यातलं गणपतीचं गाव. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कितीतरी मूर्ती इथे साच्यातून निघतात. काही रंगवून जातात, काही कच्च्याच. गणेशचतुर्थी जवळ आली की रात्र आणि दिवस यात फरक राहत नाही. नेमका तोच काळ पावसाचा, आणि पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मी शाळेत होते. जिल्ह्यात विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. मोबाईलची बॅटरी संपल्यावर मोबाईलचा टॉर्च काय कामाचा? शिवाय ओल्या हाताला टचस्क्रीन दाद देत नाही, हे पावसात छत्री धरून फोन लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बटणाला ओला हात चालतो, मातीचा हात चालतो, थरथरणारा हातही चालतो.

आणि दुसरं कारण म्हणजे साप. गावाभोवती भातशेती, बांध, बांधांवरून पायवाटा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप कोकणाला नवे नाहीत. त्यातली मण्यार तर रात्रीच फिरते. आपल्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंश आणि सर्पदंशावर आयुष्यभर काम केलं, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले साधारण निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. म्हणजे पायाखाली वेळेवर उजेड पडणं ही काही हौस नाही. ‘वेळेवर’ हा शब्द लक्षात ठेवा, खटक्याचा सगळा प्रश्न तिथेच आहे.

थोडा इतिहास (झोपू नका!)

हातात धरायच्या नळीसारख्या टॉर्चचं पेटंट अमेरिकेत १८९९ साली डेव्हिड मिसेल यांना मिळालं. त्या वेळचे सेल इतके अशक्त होते की उजेड सलग टिकत नसे. थोडं चमकवायचं, थोडं थांबायचं. म्हणून इंग्रजीत नावच पडलं ‘फ्लॅशलाईट’. म्हणजे टॉर्चचा पहिला खटका हा दाबलं की उजेड, सोडलं की अंधार, अशाच स्वभावाचा होता.

आपल्या आजोबांच्या पिढीची ती पितळी किंवा स्टीलची, दोन-तीन सेलची बॅटरी आठवा. तिच्या पाठीवर सरकवायचा खटका असे. सरकवला की चालू. आणि बऱ्याच बॅटऱ्यांत त्याच्याबरोबर एक छोटी गोल टिकली असे, बहुधा लाल. ती दाबली की तेवढ्यापुरता उजेड. दूरच्या माणसाला इशारा करायचा, विहिरीत डोकवायचं, ‘कोण आहे रे?’ म्हणून एकदा मारून बघायचं, या सगळ्याला ती टिकली.

पुढे दिवा बदलला. निळा एलईडी १९९३ च्या सुमारास तेजस्वी झाला, त्यावर पिवळं फॉस्फर चढवून पांढरा उजेड मिळाला आणि निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं नोबेलही मिळालं. टॉर्च बोटाएवढी झाली. मग पाठीवर खटक्याला जागाच उरली नाही, तो गेला शेपटीला. आता मुठीत टॉर्च धरली की अंगठा आपोआप त्यावर येतो. दंडगोल हातात कसाही फिरला तरी शेपूट शेपटीच्याच जागी! अंधारात चाचपडत बटण शोधावं लागत नाही. या एका गुणासाठी मी शेपटीच्या खटक्याला दहापैकी नऊ मार्क देते. एक मार्क का कापला ते पुढे येईलच.

आत काय आहे?

शेपटीची टोपी फिरवून काढा. आत स्प्रिंग दिसेल. सेलचं ऋण टोक त्या स्प्रिंगला टेकतं. तिथून करंट खटक्यात जातो, खटक्यातून टोपीच्या धातूत, टोपीतून नळीच्या काठावर, आणि नळीतून पुढे दिव्यामागच्या सर्किटपर्यंत. थोडक्यात, टॉर्चचं अंग हीच एक वायर आहे.

आता गंमत बघा. नळी अॅल्युमिनियमची असते आणि तिच्यावर अॅनोडायझिंगचा थर असतो. हा थर ऑक्साईडचा, म्हणजे त्यातून वीज जात नाही. लॅबमध्ये मल्टिमीटरच्या दोन्ही पिना नळीच्या बाहेरच्या अंगाला लावा, सर्किट उघडं दाखवेल. काठाच्या उघड्या धातूला लावा, जवळजवळ शून्य ओहम. म्हणजे आट्यांवरही हा थर असेल तर टोपी पाव फेरा सैल केली की काठ सुटतो आणि सर्किट तुटतं, खटका चालू असला तरी! याला लॉकआऊट म्हणतात. सॅकमध्ये टॉर्च टाकताना एवढं केलं की ती आत आपोआप लागून तापण्याची भीती नाही. आजच्या ताकदवान टॉर्चच्या बाबतीत ही भीती खरी आहे. लिथियम सेलवरची टॉर्च कपड्यांत दाबून चालू राहिली तर चांगलीच भाजते.

दोन खटके, दोन स्वभाव

आता मुख्य मुद्दा. शेपटीचे खटके दिसायला सारखे, पण आतून दोन जातींचे असतात. एक फॉरवर्ड, दुसरा रिव्हर्स. दोन्ही टिक-टिक बॉलपेनच्या तत्त्वावर चालतात. एकदा दाबलं की अडकतं, पुन्हा दाबलं की सुटतं. फरक आहे तो ‘अंगठा दाबलेला असताना काय होतं’ यात.

फॉरवर्डमध्ये अर्धं दाबलं तरी आतले संपर्क जुळतात आणि उजेड पडतो. तिथेच सोडलं तर बंद. पूर्ण दाबून ‘टिक’ आवाज आला तर सोडल्यावरही चालू राहतो. म्हणजे ती जुनी लाल टिकली आणि सरकता खटका, दोन्ही एकाच बटणात!

रिव्हर्समध्ये अर्धं दाबून काहीच होत नाही. पूर्ण दाबायचं, ‘टिक’ होऊ द्यायचं, आणि अंगठा उचलला की मगच उजेड. एकदा चालू झाल्यावर मात्र अर्धं दाबलं की क्षणभर बंद, सोडलं की पुन्हा चालू.

हे पाठ करायला अवघड वाटत असेल तर व्हायव्हासाठी एका ओळीत सांगते. फॉरवर्ड दाबलेला असेल तोवर उजेड नक्की. रिव्हर्स दाबलेला असेल तोवर अंधार नक्की.

आता तुम्ही म्हणाल, मग रिव्हर्स कोणी कशाला बनवेल? कारण आहे. आजच्या टॉर्चमध्ये मंद, मध्यम, प्रखर, झगमग असे पाच-पाच प्रकार असतात, आणि चालू टॉर्चवर हलकंसं टिचकी मारून प्रकार बदलणं रिव्हर्सला फार सोपं जातं. पण सर्किटला कसं कळतं की ही टिचकी आहे, पूर्ण बंद करणं नाही? खटका तुटला की सर्किटची वीजच गेली, मग लक्षात कोण ठेवणार? काही टॉर्चमध्ये उत्तर आहे एक इवलासा कपॅसिटर. वीज गेल्यावर तो हळूहळू रिकामा होतो. वीज परत आली की मायक्रोकंट्रोलर आधी त्याचं व्होल्टेज तपासतो. अजून भरलेला? म्हणजे क्षणभरच गेली होती, पुढचा प्रकार लावा. रिकामा? म्हणजे माणसाने खरंच बंद केली होती, पहिल्यापासून सुरू करा. दुसऱ्या वर्षी आपण ज्या आरसी टाईम कॉन्स्टंटला शिव्या दिल्या, तो इथे खिशात बसलेला असतो.

घरातली ट्रायल

मागच्या गणपतीच्या सीझनला आमच्या घरी तीन टॉर्च होत्या. एक फॉरवर्ड खटक्याची, एकाच उजेडाची. दुसरी रिव्हर्स खटक्याची, पाच प्रकारांची. तिसरीला शेपटीला खटका नाहीच, अंगावर नाजूक इलेक्ट्रॉनिक बटण. कंपन्यांची नावं देत नाही, इथे प्रश्न जातीचा आहे.

पहिले परीक्षक आबा, म्हणजे माझे आजोबा. वय पंच्याहत्तरच्या पुढे, रात्री एकदा तरी बांधावर फेरी मारल्याशिवाय झोप नाही. त्यांच्या हातात मी रिव्हर्सवाली दिली. त्यांची सवय जुन्या बॅटरीची. त्यांनी बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. अर्थात अंधार! मग ‘बिघडली’ म्हणून पुन्हा पुन्हा दाबलं, तर सर्किटला वाटलं माणूस प्रकार बदलतोय, आणि चौथ्या-पाचव्या टिचकीला झगमग सुरू. आबा म्हणाले, ‘बाय, ही बॅटरी हाय का गणपतीचं डेकोरेशन?’ आम्ही हसलो. पण बांधावर, पायाशी काही सळसळल्यावर हेच झालं असतं तर? घाबरलेला माणूस काय करतो? बटण दाबतो आणि घट्ट धरून ठेवतो. त्याच्या या नैसर्गिक हालचालीला फॉरवर्ड खटका उजेड देतो आणि रिव्हर्स अंधार. फॉरवर्डवाली आबांना कोणी शिकवावी लागली नाही. हातात घेतली, दाबली, लागली. आता तीच त्यांच्या उशाशी असते.

दुसरी परीक्षक आई. तिचं काम कारखान्यात. घासलेल्या मूर्तीवर बाजूने तिरपा उजेड टाकला की बारीक उंचवटे सावली पाडतात आणि कुठे अजून पॉलिश पेपर मारायचा ते कळतं. समोरच्या ट्यूबलाईटमध्ये ते दिसत नाहीत. इथे प्रखर उजेड उपयोगाचा नाही, पांढऱ्या मूर्तीवर डोळे दिपतात. मंद हवा, मग थोडा वाढवून बघायचा. आईला रिव्हर्सवालीच आवडली. ‘चालू असतानाच बदलता येतं, तुझ्या दुसरीला एकच सूर आहे,’ हा तिचा शेरा. म्हणजे जो खटका आबांच्या मुळावर, तोच आईच्या सोयीचा. वाईट खटका असा नसतोच, चुकीच्या हातातला खटका असतो.

आईने आणखी एक गोष्ट दाखवली. तिच्या टॉर्चचं बटण काठापेक्षा आत आहे, त्यामुळे टॉर्च शेपटीवर उभी राहते. लाईट गेली की ती मेणबत्तीसारखी उभी करायची, उजेड छतावर आपटून खोलीभर पसरतो आणि दोन्ही हात मोकळे. आबांच्या टॉर्चचं बटण बाहेर आलेलं, म्हणून ती उभी राहत नाही. पण आत बसलेल्या बटणापर्यंत शाडूने माखलेला जाड अंगठा पोचत नाही, ही काकाची तक्रार. बाहेर आलेलं बटण खिशात चुकून दाबलं जातं, ही माझी. इंजिनिअरिंगमध्ये फुकट काही मिळत नाही!

तिसरी टॉर्च, नाजूक बटणाची. हलका स्पर्श पुरतो, दाबून धरलं की उजेड वाढत जातो, वापरायला सगळ्यात गोड. पण तिचं सर्किट बटणाची वाट बघत कायम जागं असतं आणि थोडा थोडा करंट पीत राहतं. समजा २० मायक्रोअँपिअर. वर्षाचे तास ८७६०. गुणाकार केला की सुमारे १७५ मिलिअँपिअर-तास, म्हणजे ३००० च्या सेलमधले जेमतेम सहा टक्के. फार नाही. पण ज्या स्वस्त टॉर्चमध्ये हाच आकडा दहापट असतो, तिथे कपाटात ठेवलेली टॉर्च वर्षभरात निम्म्याहून जास्त रिकामी होते आणि नेमक्या वादळाच्या रात्री दगा देते. शेपटीचा यांत्रिक खटका बंद म्हणजे खरोखर बंद, गळती शून्य.

खटक्याची दुखणी

आता तो कापलेला एक मार्क. शेपटीचा खटका हा टॉर्चचा बहुतेक वेळा सर्वांत आधी रुसणारा भाग. सगळा करंट त्याच्यातून जातो. जुन्या बल्बला अर्धा अँपिअर किंवा त्याहून कमी पुरत असे, आजची ताकदवान टॉर्च तीन अँपिअर सहज ओढते. स्प्रिंग आणि खटका मिळून ५० मिलिओहम रोध धरला, तर तीन अँपिअरला ०.१५ व्होल्ट तिथेच जातात आणि ०.४५ वॉट उष्णता होते. काठावर मळ साचला, खाडीच्या खारट हवेने गंज धरला की हा रोध आणखी वाढतो. मग दिवा मिणमिणतो, थरथरतो, किंवा आपोआप प्रकार बदलतो, कारण संपर्क क्षणभर तुटला तरी सर्किट त्याला टिचकीच समजतं. हौशी मंडळी स्प्रिंगला समांतर तांब्याची वायर डाग देऊन बसवतात, ती याचसाठी.

कारखान्यात शत्रू वेगळा, पीओपीची आणि मातीची धूळ. ती आट्यांत बसते आणि टोपी करकरते. उपाय सोपा. टोपी काढा, आट्या आणि नळीचा काठ कोरड्या सुती कापडाने पुसा, हवं तर कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, वाळू द्या. रबरी बटण फाटलं असेल तर आधी ते बदला, कारण पाणी तिथूनच आत शिरतं.

टॉर्च अजिबात लागत नसेल आणि सेल चांगला असेल, तर फेकण्याआधी एक परीक्षा घ्या. टोपी पूर्ण काढा. वायरच्या छोट्या तुकड्याने सेलचं ऋण टोक आणि नळीचा उघडा काठ क्षणभर जोडा. लागली? मग दिवा, सर्किट, सेल सगळं ठीक आहे, दोष फक्त खटक्याचा, आणि खटका ही काही रुपयांची वस्तू आहे. मात्र सेल टॉर्चच्या बाहेर काढून त्याची दोन टोकं कधीही एकमेकांना जोडू नका. लिथियम सेलच्या बाबतीत हा खेळ नाही, आग आहे.

मग कुठली घ्यायची?

दुकानात गेलात की दुकानदाराला दोनशे मीटर सांगू द्या. तुम्ही टॉर्च हातात घ्या, डोळे मिटा, आणि बटण अर्धं दाबून धरा. पापण्यांवर उजेड आला तर फॉरवर्ड, नाही आला तर रिव्हर्स. मग ओला रुमाल हातात धरून दाबून बघा. शेपटीवर उभी करून बघा. टोपी पाव फेरा सैल करून बंद पडते का बघा. एक मिनिटाचं काम आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टॉर्च कोणासाठी घेताय ते आधी ठरवा. स्वतःसाठी घेत असाल तर पाच प्रकार घ्या, मजा करा. पण गावी आजी-आजोबांना द्यायची असेल, तर एकच उजेड आणि फॉरवर्ड खटका. आपण होस्टेलवरून ऑनलाईन मागवून घरी पाठवतो, ती डबा उघडून बघणारी माणसं मात्र मॅन्युअल वाचत नाहीत, आणि त्यांनी ते का वाचावं? रात्री बांधावर उभ्या असलेल्या माणसाने घाबरून बटण दाबलं की उजेड पडला पाहिजे. तो दाबत असतानाच पडला पाहिजे, सोडल्यावर नाही.